१४० किलोचा भोपळा रात्रीत तडकला, सडायच्या आधी किती दिवस मिळतात?

परसातलावेल

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, काही सांगायचं राहिलं तर विचारा. अटलांटिक जायंट या अवाढव्य भोपळ्याच्या जातीचं बी लावलं होतं, वेलीवर एकच फळ धरलं आणि बाकीची बोटाएवढी असतानाच खुडून टाकली. आज त्या फळाला परागीकरण करून ८३ दिवस झाले. टेपने तिन्ही मापं घेऊन तक्त्यात बघितलं तर वजन १४० किलोच्या आसपास येतंय, घेर सव्वादोन मीटरच्या वर आहे. गेले दोन आठवडे पावसाचा टिपूस नव्हता आणि मीही पाणी हात आखडूनच देत होतो, कारण कुणीतरी सांगितलेलं की शेवटी शेवटी पाणी तोडलं की साल पक्की होते. काल रात्रभर मुसळधार कोसळला. पहाटे कधीतरी टच्च असा आवाज आला, मला वाटलं फांदी मोडली असेल. उजाडल्यावर जाऊन बघतो तर देठापासून चार बोटं खाली, खांद्यावर, उभी चीर पडलेली.

चीर ३१ सेंटिमीटर आहे. मधोमध करंगळी जाईल एवढी रुंद, दोन्ही टोकांना केसासारखी बारीक होत गेलीय. आतला गर अजून घट्ट आणि केशरी दिसतोय पण त्यातून पाण्यासारखा रस थेंब थेंब पाझरतो आणि सालीवरून ओघळून खाली वाळूत जिरतो. मुंग्यांची रांग लागलीच आहे. वास म्हणाल तर कापलेल्या काकडीसारखा येतो तेवढाच, बाकी काही नाही.

१२ दिवसांनी वजनाची स्पर्धा आहे, त्यासाठीच सगळा आटापिटा चालला होता. माझी मुलगी रोज शाळेत जायच्या आधी घेर मोजून वहीत लिहिते, फळ धरल्यापासून एकही दिवस चुकवला नाही तिने, आणि सकाळी चीर बघितल्यापासून एकच विचारतेय की बाबा, हा आता किती दिवस राहील. मला खरंच सांगता येईना. म्हणून इथे विचारतो, असा फुटलेला भोपळा सडायला किती दिवस लागतात? वेलीवरच राहू द्यावा की देठ कापावा? आणि चिरेत मेण ओतून ती बंद कर असं एकाने सुचवलंय, ते करू का?


जुनाखुरपा

दादा, आधी मेणबिण काही ओतू नका आणि चिकटपट्टीही लावू नका. भोपळा किती दिवस टिकणार हे चिरेच्या लांबीवर नाही, खोलीवर ठरतं. हातभर लांब चीर असली पण ती गरातच थांबलेली असली तर फळ महिनाभर सुद्धा काढतं, आणि दोन बोटांची चीर जरी आतल्या पोकळीपर्यंत गेली असली तरी आठवडा काढणं मुश्किल होतं. तेव्हा पहिलं काम ते बघायचं. अंधार पडला की टॉर्च चिरेजवळ धरून तिरका उजेड टाका, तळ दिसतोय का बघा. नाही कळलं तर विणायची पातळ सुई स्पिरिटने पुसून, वाळू देऊन, अगदी अलगद आत सरकवा, जोर अजिबात लावायचा नाही. गर लागला की सुई थांबते, हाताला लगेच कळतं. पोकळी असेल तर अडत नाही, सुटल्यासारखी आत जाते आणि बाहेर काढली की टोकाला गाभ्याचे चिकट तंतू लागलेले दिसतात. दोनतीन ठिकाणी बघा आणि सांगा. तोवर वरून पाऊस लागणार नाही असं छप्पर करा, फक्त ताडपत्री फळाला टेकू देऊ नका, खाली वारा खेळला पाहिजे.


परसातलावेल

बघितलं आत्ताच. वरच्या टोकाजवळ सुई ४ सेंटिमीटरला अडली, खालच्या टोकाजवळ ५ ला. मधोमध मात्र ९ सेंटिमीटर गेली आणि मग पुढे काही लागलंच नाही, टोकाला केशरी तंतू आले. म्हणजे आत गेलीय. इथे दिवसा २४ ते २६ डिग्री असतं, रात्री १६-१७ पर्यंत उतरतं. छप्पर केलंय, चार काठ्या रोवून वर ताडपत्री.


जुनाखुरपा

वाचून वाईट वाटलं हो. ८३ दिवस राखलेलं फळ असं एका रात्रीत गेलं की काय वाटतं ते मला ठाऊक आहे, माझीही दोन गेलीत अशीच. स्पष्ट सांगतो म्हणजे तुम्ही उगाच आशेवर राहणार नाही. ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ या मोठ्या भोपळ्यांच्या स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनी ज्या स्पर्धा चालतात तिथे पोकळीपर्यंत गेलेलं भोक किंवा चीर असली की फळ बाद होतं, मग वजन कितीही भरो. तुमच्या आयोजकांना आजच फोन करून सांगा. नुसतं बघायला ठेवू देतात का तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी ठेवू देतात.

आता दिवसांचं. तुमच्याकडची हवा आहे तशी राहिली आणि चीर कोरडी ठेवता आली तर ७ ते १० दिवस धरा, त्यातले पहिले चारपाच दिवस फळ बऱ्यापैकी ताजं असेल आणि नंतर उतरती कळा लागेल. हेच तापमान ३० च्या वर असतं आणि हवा दमट असती तर तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला असता, पाचव्या दिवशी तळ बसला असता. आणि १० ते १३ डिग्रीची कोरडी खोली मिळाली तर दोन आठवड्यांपर्यंत ओढता येतं. तुलनेसाठी सांगतो, न फुटलेला, नीट वाळवलेला साधा भोपळा त्याच थंड खोलीत दोनतीन महिने सहज राहतो. म्हणजे पोकळी उघडी पडली की महिन्यांचे दिवस होतात. ही अटलांटिक जायंट तर टिकण्यासाठी निवडत आणलेली जातच नाही, कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या हॉवर्ड डिल यांनी ती वर्षानुवर्षं फक्त आकारासाठी निवडत नेली, १९८१ साली त्यांच्या स्वतःच्या फळाने जवळपास २२४ किलोचा जागतिक विक्रम केला होता, आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत तीच जात १२४७ किलोपर्यंत पोचली. गर पाणीदार, भिंत जाड, वाढ भराभर. अशा फळाला जपावंच लागतं.

फुटलं का ते तुम्हीच लिहिलंय खरं तर. कोरडं पडलं की साल घट्ट होऊन बसते, तिची ताणायची ताकद कमी होते, आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की मुळं ते खेचून थेट फळात ढकलतात. आतला गर फुगतो, साल तेवढ्या वेगाने ताणली जात नाही, मग जिथे ती सगळ्यात कमकुवत असेल तिथे तडकते, बहुतेक वेळा देठाजवळ खांद्यावर किंवा खाली फुलाच्या टोकाला. मोठ्या विक्रमी फळांचं वजन भर वाढीच्या दिवसांत रोज १५-२० किलोने सुद्धा वाढतं, तिथे काय ताण पडत असेल विचार करा. पाणी शेवटी कमी करायचं हे बरोबर आहे, पण एकदम तोडायचं नाही, रोज थोडं थोडं आणि सारख्या मापाने द्यायचं, आणि पाऊस येणार असं दिसलं तर मुळांवरची माती झाकून घ्यायची. पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून लिहिलं, तुम्हाला दोष देत नाहीये.

देठ कापा. चीर वरवरची असती तर मी वेलीवरच ठेवा म्हणालो असतो, कारण जिवंत वेलीवर जखम भरून येते. पण पोकळी उघडल्यावर वेल पाणी ढकलत राहिला तर चीर अजून फाकेल आणि रस गळणं थांबणार नाही. देठ फळाला लागून कापू नका, दोन्ही बाजूंना वेलीचा वीतभर तुकडा ठेवून टी आकारात कापा. कात्री किंवा सुरी आधी पुसून घ्या. त्यानंतर चीर स्वच्छ कोरड्या कापडाने टिपायची, घासायचं नाही, आणि टेबल फॅन मीटरभर अंतरावर ठेवून वारा चिरेवरून आडवा जाईल असा लावायचा, दिवसरात्र. एकदीड दिवसात कडांवर हाताला चामड्यासारखी लागेल अशी कोरडी पापडी धरते. ती धरली की तुम्ही दोनतीन दिवस कमावले असं समजा.

अजून एक करा, मला याचा फार फायदा झालाय. सालीवर लिहिणारा मार्कर घ्या आणि चिरेभोवती जिथपर्यंत साल काळपट किंवा अंगठ्याखाली मऊ लागते तिथपर्यंत रेघ मारून तारीख टाका. रोज सकाळी तेच करा. रेघा जवळजवळ एकमेकींवर पडत असतील तर फळ तग धरून आहे. एका दिवसात बोटभर सरकली की समजायचं आतून सुटलंय, मग फार तर दोन दिवस.


उन्हातलीटोपली

मी थोडं वेगळं सांगते. भोपळे टिकवायचे तर क्युअरिंग करतात ना, २७-२९ डिग्रीत दहा दिवस ठेवतात, त्याने ओरखडे चिरा सगळं वाळून बंद होतं. मग परसातल्या दादांनी एखाद्या उबदार खोलीत ठेवला तर चीर भरून नाही का येणार? माझ्याकडच्या एका फळाला चांगली मोठी चीर होती, वर मेण लावून असंच उबेत ठेवलं तर दोन महिने राहिला की. थंडीत ठेवून जखम भरत नाही असंही वाचलंय.


फळरोगवाचक

टोपलीताई, तुमचं अर्धं अगदी बरोबर आहे आणि अर्धं इथे लागू पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण या एका गोष्टीत खूप जणांची फळं जातात.

भोपळ्याची साल ही त्याची तटबंदी. आतला गर म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, थोडी साखर, आणि आंबटपणा अगदी कमी, म्हणजे जंतूंना हवं ते सगळं. सालीला ओरखडा गेला किंवा गरातच थांबणारी चीर पडली तर उघड्या पडलेल्या पेशी वाळतात आणि त्यांच्या खालच्या पेशी बुचासारखा थर तयार करतात, आपल्या जखमेला खपली धरते ना तसं. हे काम उबेत आणि ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत भराभर होतं म्हणून क्युअरिंग उबेत करतात. तुमची चीर अशीच वरवरची असणार, म्हणूनच फळ दोन महिने राहिलं, मेणामुळे नव्हे.

पण पोकळी उघडी असेल तर खपली धरायला कोरडी जागाच मिळत नाही. बाहेरच्या कडा वाळतील, आतली बाजू ओलीच राहणार, तिथे वारा पोचत नाही. मुंग्या, माश्या, पावसाचं पाणी यांच्याबरोबर जंतू आत गेलेलेच असतात. त्यात पेक्टोबॅक्टेरियमसारखे मऊ सड करणारे जीवाणू आले की ते पेक्टिन विरघळवतात, पेक्टिन म्हणजे पेशीला पेशी चिकटवून ठेवणारा डिंक. तो गेला की गराचं अक्षरशः पाणी होतं आणि साल मात्र बाहेरून तशीच उभी असते, म्हणूनच लोक म्हणतात की काल संध्याकाळपर्यंत चांगला होता आणि सकाळी एकदम बसला. तो एकदम नाही बसत, आत चारपाच दिवस काम चालू असतं. अशा फळाला २८ डिग्रीची ऊब देणं म्हणजे त्या जीवाणूंची सोय करून देणं. इथे थंड आणि कोरडंच हवं. फक्त १० डिग्रीच्या खाली फार दिवस नको, भोपळ्याला थंडी बाधते आणि मग तो वेगळ्याच कारणाने सडतो. गोठला तर संपलंच, पेशी फुटतात आणि वितळला की लगेच लगदा होतो.

मेण, चिकटपट्टी, प्लास्टिक गुंडाळणं, हे सगळं पोकळीपर्यंत गेलेल्या चिरेला घातकच. आतली ओल आत कोंडली जाते. त्यातून आंबटपणा नसलेला ओला गर बंद जागेत उबेत ठेवला तर काही जंतू विष तयार करतात, त्यामुळे असं बंद केलेलं फळ नंतर खाण्यात तर अजिबात आणू नका.

कडांना लावायला काही हवंच असेल तर गंधकाची बारीक पावडर कोरड्या ब्रशने फिरवतात, किंवा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून कापडाने सालीवर पुसतात. त्याने बुरशी थोडी लांबते, आत गेलेलं काही मरत नाही. आणि हे लावलं की ते फळ माणसांनीही खायचं नाही आणि जनावरांनाही घालायचं नाही, हे आधी ठरवा.

खुणा कुठल्या क्रमाने येतात ते सांगतो. आधी वास बदलतो, काकडीचा वास जाऊन गोडसर आंबूस होतो. मग चिलटं जमतात, मुंग्यांपेक्षा चिलटं दिसली की समजा आंबायला लागलंय. मग चिरेतून किंवा देठातून फेस येतो, पांढरा, बुडबुडे असलेला, तो यीस्टचा. त्याच सुमाराला कडांवर करडी पांढरी लव आणि त्यावर काळे ठिपके दिसले तर ती ऱ्हायझोपस बुरशी. आणि शेवटी तळाला ओल. तळ रोज बघा. या वजनाची फळं वरून चीर असली तरी बहुतेक खालून बसतात, कारण सगळं वजन तिथे आणि वारा शून्य.


परसातलावेल

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तिसरा दिवस. देठ टी आकारात कापला, फॅन लावला, आयोजकांशी बोललो. वजनाला घेणार नाहीत पण मांडायला जागा देतील म्हणाले, फक्त गळत नसेल तर. मेण ओतायचा विचार सोडला.

पापडी धरलीय. बोट फिरवलं तर कोरडं लागतं, वहीच्या पुठ्ठ्यासारखं, कड थोडी आत वळलीय. रस गळणं बंद. मार्करच्या दोन रेघा अगदी चिकटून आहेत, मधे काडी मावणार नाही. मुलीने घेर लिहायची वही आता रेघांसाठी वापरायला घेतलीय.

प्रश्न असा की खाली वाळू आहे ती पावसाने ओली झालीय. उचलून पॅलेटवर ठेवावा का? आणि तिला बिया हव्यात पुढच्या वर्षीसाठी, त्या कधी काढाव्यात? मांडायला न्यायचा तर अजून ९ दिवस थांबावं लागेल.


जुनाखुरपा

उचला, पण आजच, फळ घट्ट आहे तोवर. नंतर तळ मऊ झाला की उचलताना हातातच फुटतो आणि १४० किलो पायावर येतो, हे गमतीचं काम नाही. सहा जण लागतील. जाड कापडी ताडपत्री एका बाजूने थोडं थोडं कलवत खाली सरकवा, चीर वरच राहिली पाहिजे, त्या बाजूला कलवायचं नाही. देठाला धरून कुणी ओढू नये. पॅलेटवर आधी कोरड्या पेंढ्याचा किंवा जुन्या पुठ्ठ्याचा थर घाला, तो ओला झाला की बदलता येतो आणि गळती आहे का तेही लगेच कळतं.


बियांचीपुरचुंडी

बियांबद्दल मी सांगते, कारण यात लोक उशीर करतात आणि मग हळहळतात.

८३ दिवसांचं फळ म्हणजे बिया तयार झालेल्या असणार, त्याची चिंता नको. चिंता आहे ती पोकळीतल्या ओलीची. बंद फळात बी शांत झोपलेलं असतं, फळ उघडं पडलं, आत आंबायला लागलं, ऊब आली की एकतर बी आतच मोड काढतं नाहीतर आंबवणीत शिजल्यासारखं होऊन मरतं. थोडं आंबलेलं चालतं, एकदोन दिवसांनी काही बिघडत नाही. पण फेस यायला लागल्यावर अजून चार दिवस थांबलात तर अर्ध्या बिया गमावाल. मी एकदा अशीच फळाच्या मोहात थांबले होते, उघडलं तेव्हा निम्म्या बियांना पांढरे मोड आलेले आणि उरलेल्या बोटात दाबल्या तर पिचकत होत्या.

तेव्हा दादा, मांडणं आणि बिया यातलं एक निवडावं लागेल असं मला तरी दिसतंय. नऊ दिवस थांबायचं म्हणजे दोन्ही जायची भीती. तिलाच विचारा काय हवंय. ८३ दिवस मोजमाप तिने केलंय, तिचा हक्क आहे.

काढायच्या तेव्हा फळ बुडाशी न कापता वरून, चिरेच्याच रेषेत कापा. बिया गाभ्यातून हाताने सोडवा, पाण्यात चोळून धुवा, चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत. मग जाळीवर एकाच थरात पसरा आणि सावलीत फॅनखाली वाळवा, कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये नाही. रोज एकदा हलवायच्या, नाहीतर एकमेकींना चिकटतात. दोनतीन आठवड्यांनी बी वाकवून बघा, लवलं तर ओलं आहे, कट्कन मोडलं तर झालं. दोन बोटांत दाबून पोकळ लागणाऱ्या काढून टाका, भरलेल्या कागदी पाकिटात घालून थंड कोरड्या जागी ठेवा, पाचसहा वर्षं उगवतात. पाकिटावर फळाचं वजन आणि तारीख लिहायला विसरू नका. आणि फूल पिशवी बांधून हाताने परागीकरण केलं होतं का? नसेल तर आसपासच्या दुसऱ्या भोपळ्याचा पराग आलेला असू शकतो, मग पुढचं फळ याच्यासारखंच होईल असं नाही.


परसातलावेल

हाताने केलं होतं, आदल्या संध्याकाळी फूल बांधून ठेवलं होतं आणि पहाटे उघडलं. तेही तिनेच केलं, मी फक्त नर फूल हातात दिलं.

आज सहावा दिवस. पॅलेटवर घेतला, सहा जण लागले, कुणाला काही झालं नाही. तळ कोरडा होता, वाळूचा ठसा फक्त. कालपर्यंत रेघा जवळ होत्या, आज सकाळी खालच्या टोकाला अर्धं बोट सरकलीय. वास अजून बदललेला नाही असं मला वाटतं, पण ती म्हणतेय की बदललाय, थोडा गोड येतो. दोन चिलटं होती.


फळरोगवाचक

तिचं नाक खरं धरा. लहान मुलांना असा वास मोठ्यांच्या आधी कळतो असा माझा घरचा अनुभव आहे. दोन चिलटं आणि अर्धं बोट, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत. मी तुमच्या जागी असतो तर उद्या कापला असता.


परसातलावेल

कापला. सातव्या दिवशी सकाळी. स्पर्धेत मांडायचं सोडून दिलं, तो निर्णय तिचाच, पण त्याआधी तिच्या वर्गातली मुलं येऊन बघून गेली, प्रत्येकाने हात लावून बघितला, सगळ्यांनी मिळून एकदा शेवटचा घेर मोजला. फुटायच्या आधीच्या आकड्यापेक्षा ३ सेंटिमीटर जास्त भरला, चीर फाकल्यामुळे असणार.

आत काय होतं ते लिहितो, कुणाच्या कामी येईल. बाहेरून बघून कुणीही म्हणालं असतं की अजून आठवडा जाईल. साल घट्ट, रंग चांगला. पण चिरेच्या आतल्या बाजूला पोकळीच्या भिंतीवर ताटाएवढा भाग पारदर्शक झालेला, पाण्यात भिजलेल्या कागदासारखा, चमचा लावला की सहज निघत होता. त्याच्या खाली गाभ्यात चिंचोळी आंबूस ओल आणि बुडाशी वाटीभर पाणी. बाकी तीन बाजूंचा गर कडक, ठोकला तर टणटण. म्हणजे सड फक्त चिरेच्या बाजूनेच निघाली होती आणि बाहेर अर्धं बोट दिसत होती तेव्हा आत ताटाएवढी झाली होती.

बिया ३८७ निघाल्या. सहा बियांना टोक फुटलेलं, म्हणजे अजून दोन दिवसांनी किती गेल्या असत्या कोण जाणे. आता जाळीवर आहेत, ती शाळेतून आली की हलवते.

उरलेल्या गराचं काय करू? ब्लीच किंवा गंधक काही लावलेलं नाही.


जुनाखुरपा

सहा बियांनाच मोड म्हणजे अगदी वेळेवर उघडलात.

चिरेच्या बाजूचा आणि वासाचा सगळा भाग कंपोस्टला, त्यात काटकसर करू नका. तिथून वीतभर लांबचा कडक गर, ज्याला काही वास नाही, तो माणसांना चालेल, पण पाणीदार आणि बेचव असतो हे माहीत असू द्या, आणि आधी जिभेला एक तुकडा लावून बघा, कडू लागला तर थुंकून टाका आणि सगळाच टाका, भोपळ्यातला कडूपणा पोट बिघडवतो, शिजवूनही जात नाही. कापलेला गर फ्रीजमध्ये तीनचार दिवसच, जास्त दिवस हवा तर तुकडे करून फ्रीझरमध्ये. कडक तुकडे गुरांना, शेळ्यांना चालतात, बुरशी आलेला मात्र जनावरांनाही नको.

कंपोस्टला घालताना नारळाएवढे तुकडे करा आणि प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट वाळका पाला घाला. नुसता घातलात तर पाणी सुटून खड्ड्याचं डबकं होतं आणि चार घरांपर्यंत वास जातो. आणि पोकळ म्हणून बाजूला काढलेल्या बिया त्यात टाकू नका, त्यातल्या दोनचार तरी उगवतातच.


परसातलावेल

कडू नाही, बघितला. पाला आहे भरपूर, आज संध्याकाळी बसतो तुकडे करायला. देठ मात्र तिने ठेवून घेतलाय, टी आकाराचा, फॅनसमोर बियांच्या शेजारी वाळत ठेवलाय आणि त्यावर मार्करने सात तारखा घातल्यात.


बियांचीपुरचुंडी

देठ वाळला की त्याला भुंगे लागतात, अधूनमधून उन्हात घालायला सांगा तिला. आणि बिया लावायच्या आधी त्यातल्या दहा ओल्या कापडात गुंडाळून उगवून बघा, किती येतात ते इथे लिहा नक्की.